रूढी कोणती ते सांगा

अॅड. मनिषा सोनकांबळे पहिल्या भेटीत सल्ला देत नाहीत, कागद देतात. छापील प्रश्न, प्रत्येकाखाली दोन ओळींची जागा. म्हणाल्या, "घरी निवांत भरा. जे सांगायची लाज वाटते ते आधी लिहा."

घरी निवांतपणा नसतो. मी तो नांदेड–मुखेड गाडीत कंडक्टरच्या सीटवर बसून भरला, तिकिटं फाडून झाल्यावर. अक्षर हललंय ते रस्त्यामुळं. मी नाही हलले.

१. पूर्ण नाव

बुद्धप्रिया व्यंकटराव जोंधळे. एसटीच्या सर्व्हिस बुकात अजून बुद्धप्रिया संघपाल हणमंते. ते खोडायचं म्हणूनच हा सगळा खटाटोप सुरू झाला. आता कारण वेगळं आहे. पाच पाहा.

२. वय, व्यवसाय

बत्तीस. वाहक, नांदेड आगार. लोक कंडक्टरीण म्हणतात. म्हणू द्या.

३. विवाहाची तारीख, ठिकाण

१४ मे २०१७. मुखेड. विहारामागच्या मोकळ्या जागेत.

४. विवाह कोणत्या पद्धतीने झाला

बौद्ध. पांढरी साडी, भंतेजी, त्रिशरण, पंचशील. दोघांनी माईकवर प्रतिज्ञा घेतल्या. नवऱ्याच्या प्रतिज्ञेत 'पत्नीचा सन्मान करीन' असं होतं. संघपाल ते वाक्य खणखणीत म्हणाला होता. व्हिडिओ आहे. पुरावा म्हणून चालतो का?

५. अपत्ये

एक. तिष्या. येत्या १२ ऑगस्टला सात वर्षांची होईल. ही तारीख मी दोनदा गिरवली आहे. का ते नऊमध्ये.

६. विभक्त राहण्याचे कारण (थोडक्यात)

थोडक्यात: माझा राजीनामा माझ्या नवऱ्यानं दिला.

थोडक्यात नाही: तेव्हा मी लातूर आगारात होते. संघपाल लातूरच्या एका शिकवणीच्या ऑफिसात. त्याचा मोठा भाऊ धम्मदीप रोज म्हणायचा, आपल्या घरची बाई गाडीत गर्दीत उभी राहते, बरं दिसत नाही. एक दिवस आगारातून फोन आला, "मॅडम, राजीनामा कशामुळं?" मी म्हटलं, "कुणाचा?" गेले, पाहिला. माझं नाव, माझा बॅज नंबर, माझी सही. सही माझ्यापेक्षा सुबक होती. संघपाल घरी शांतपणे म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी केलं."

राजीनामा मी परत घेतला. नांदेडला बदली मागितली, मिळाली. तिष्याला घेऊन तरोड्याला खोली केली. तेव्हापासून अडीच वर्षं.

७. समेटाचे प्रयत्न झाले का

झाले. सगळ्यांनी मला समजावलं. त्याला कुणी समजावलं नाही, कारण तो शांत असतो.

८. यापूर्वी कोणत्या वकिलाकडे गेला होता का

हो. कोर्टाजवळ, अॅड. आलोक म्हणून आहेत. तरुण आहेत, चकाचक ऑफिस. म्हणाले, "ताई, पंधरा दिवसांत मोकळं करून देतो. काळजीच करू नका." मी पर्समधून फारकतीचा बाँड काढला (तो कसा झाला ते नऊमध्ये). वाचायच्या आधी त्यांनी शिक्का पाहिला.

"अहो, तुमचा तर झालाय की घटस्फोट! नोटरीसमोर. पक्का."

"मग नाव बदलायला आमच्या आस्थापनेचा क्लार्क कोर्टाचा हुकूमनामा आण म्हणतोय तो?"

"हापिसातल्यांना काही कळत नसतं."

"आणि मुलीचं कलम?"

त्यांनी ते तेव्हा वाचलं. "यावर तुम्ही सही केलीय ना? मग आता कसं म्हणणार."

मी उठले. दोन माणसं, एक कागद. एक म्हणतो चालत नाही, दुसरा म्हणतो पक्का. माझ्या गाडीत एकाच तिकिटाला एकानं हो आणि एकानं नाही म्हटलं, तर मी गाडी थांबवते.

९. यापूर्वी काही करारपत्र, फारकतपत्र केले आहे का

(जागा अपुरी. मागे लिहिते.)

नोव्हेंबर २०२३. मुखेडला बाबांच्या घरी. बाबा म्हणजे व्यंकटराव, निवृत्त ग्रामसेवक, दर पौर्णिमेला विहारात वंदना घेतात. बैठकीलाही त्यांनी आधी वंदना घेतली. तीसेक माणसं हात जोडून. सब्बपापस्स अकरणं, म्हणजे कुठलंच पाप न करणं, म्हणून झालं, चहा आला आणि मग फारकत.

बाँड आधीच टाइप होऊन आला होता. तहसीलसमोर शेषेराव बसतात, त्यांच्याकडून. शेषेरावांच्या मशिनीत फारकतीचा एक मजकूर वर्षानुवर्षं साठवलेला आहे. नावं बदलतात, तारीख बदलते, बाकी तेच. त्यात होतं, 'आमच्या जातीच्या पूर्वापार रूढी व परंपरेनुसार, पंचांसमक्ष.' आणि जातीच्या जागी ते नाव होतं, जे माझ्या आजोबांनी छप्पन साली टाकून दिलं. शेषेरावांनी बदललं नाही. तीस माणसांत कुणी वाचलं नाही. मीही नाही. मला सुटायचं होतं.

सहाव्या कलमात होतं, 'मुलगी सात वर्षांची होईपर्यंत आईकडे राहील, तदनंतर बापाच्या ताब्यात देण्यात येईल.'

हे मला तीन महिन्यांनी कळलं, जेव्हा तिष्या अंगणवाडीत शिकलेलं जोडून वाचायला लागली आणि मी म्हटलं चल, आपणही काहीतरी वाचू, आणि कपाटातला बाँड काढला.

पहिला साक्षीदार: व्यंकटराव जोंधळे.

१० ते १४

कोरे सोडते. हे तुमचे प्रश्न. माझेही आहेत.

---

याची झेरॉक्स मी मॅडमना दिली. मूळ कागद माझ्याकडे. पुढचं त्यालाच पानं जोडून लिहिलं आहे, माझ्यासाठी.

दुसरी भेट. मॅडमनी सगळं वाचलं. नवव्याला चष्मा काढून पुसला.

"विचारा," म्हणाल्या.

माझा घटस्फोट झालाय का?

"नाही. नोटरी सही तुमचीच आहे एवढं सांगतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. कोर्टाच्या हिशेबी तुम्ही आजही संघपालच्या बायको."

अडीच वर्षं?

"अडीच वर्षं."

मी हसले. मला राग आला की आधी हसू येतं. डेपोत सगळ्यांना माहीत आहे.

तो उदगीरची मुलगी करतोय. साखरपुडा झाला. सप्टेंबरात लग्न.

"केलं तर गुन्हा. हे त्याला माहीत आहे का?"

त्याला वाटतं बाँड आहे. त्यांच्या घरात सगळ्यांनाच तसं वाटतं. माझ्याही. आमच्या पाहुण्यांत चार फारकती अशाच झाल्यात, चौघांनी दुसरी लग्नं केली, पोरंबाळं आहेत.

मॅडम लिहून घेत राहिल्या.

तिष्याचं कलम?

"पोरगी म्हणजे बाँडवर लिहून द्यायची वस्तू नाही. तिचं हित कशात आहे ते कोर्ट बघतं. शाळा कुठं, सांभाळतं कोण, तिला काय वाटतं. तुम्ही सही केलीय म्हणून कोर्ट बांधलं जात नाही. पण एक ऐका. बाँड खरा धरायचा तर सगळा खरा, खोटा धरायचा तर सगळा खोटा. तुम्हाला फारकत ठेवून कलम फेकता येणार नाही."

म्हणजे पोरगी हवी तर आधी पुन्हा त्याची बायको व्हायचं?

"कागदोपत्री. आणि मग नीट सुटायचं."

केस लातूरला टाकावी लागेल?

"तुम्ही राहता तिथं टाकता येते. नांदेडला."

किती दिवस?

"दोघं राजी असाल तर सहा महिने थांबावं लागतं. वेगळं राहून इतके दिवस झालेत, थांबायची अट माफ करा म्हणून अर्ज देता येतो. तो राजी नसेल तर वर्षं. खोटं कशाला सांगू."

आम्ही बौद्ध. अर्जावर हिंदू विवाह कायदा का?

"कायद्यानं बौद्धांना त्यातच धरलंय. मलाही ते टोचतं. पण अर्ज त्याखालीच."

धर्माच्या रकान्यात?

"बौद्ध. ते मी ठळक लिहिते."

शेवटचा प्रश्न मी दारात उभी राहून विचारला. तो बाँड कधीच, कशानेच खरा होऊ शकत नाही ना?

"एका वाटेनं होऊ शकतो. एखाद्या समाजात फारकतीची रूढी पूर्वापार चालत आलीय असं कोर्टात सिद्ध केलं तर. नुसतं म्हणून भागत नाही. कुणीतरी जाणत्या माणसानं शपथेवर सांगावं लागतं."

---

त्या वाटेनं ते आलेच.

जूनचा शेवटचा रविवार, मुखेड. धम्मदीप आणि संघपाल लातूरहून आले. मॅडमची नोटीस मिळाली होती. धम्मदीप बूट काढतानाच बोलायला लागला.

"काय बाई, नोटिसा पाठवून राहिलीस. आपण काय परके हाव का?"

"परकं व्हायचंय म्हणूनच पाठवली, दादा."

माय आत कपबशा मांडत होती, तिथून तिनं हुंकार दिला. ते हसू होतं की दटावणी ते कळलं नाही.

धम्मदीपनं फाइल काढली. त्यांच्या लातूरच्या वकिलानं टाइप केलेला कागद. "हे बघ. तुला कोर्टाचा कागद पायजे ना? आम्हालाबी तोच पायजे. लातूरला दावा टाकतो, तू कबूल म्हण, कोर्ट शिक्का मारतंय. तुझं सर्व्हिस बुक झालं, याचं लग्न झालं. भांडण कशाला?"

मी वाचलं. या वेळी पहिल्या अक्षरापासून. उभयतांच्या समाजात फारकतीची रूढी पूर्वापार आहे, तीनुसार विवाह संपुष्टात आला, फारकतपत्रातील सर्व अटी उभयतांना मान्य आहेत. खाली माझ्या सहीची जागा. त्याखाली 'रूढीची माहिती असलेले ज्येष्ठ' म्हणून बाबांच्या.

सर्व अटी.

"सहावी पण?" मी विचारलं.

"ते नंतर बघू की," धम्मदीप म्हणाला. "लेकरू काय कुठं पळून जातंय?"

"संघपाल, तू बोल."

संघपाल भिंतीकडं बघत होता. "लिहिलंय तसंच. सात वर्षांनी माझ्याकडं. तूच सही केलीस."

"सहीचं तू बोलू नको."

त्याची मान खाली गेली. मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही.

"बरं दादा," मी कागद धम्मदीपपुढं धरला. "रूढी कोणती ते सांगा."

"कोणती म्हंजे? आपल्या समाजाची."

"समाजाचं नाव लिहिलंय की इथं. बाँडावरून जसंच्या तसं उतरवलंय. वाचा मोठ्यानं."

त्यानं पाहिलं. वाचलं नाही. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली आजोबांचा, पांढऱ्या टोपीतला. धम्मदीप माणूस वाईट असेल, पण दर चौदा एप्रिलला निळा झेंडा घेऊन सगळ्यांत पुढं तोच असतो. ते नाव त्याच्या तोंडून निघेना.

"कायद्यापुरतं असतंय बाई ते," तो म्हणाला.

"मग कायद्यापुरतं वाचा."

"लई शहाणी झालीस नांदेडला जाऊन."

"नांदेडला न्हाई, कागद वाचून झाले. तुम्हीबी वाचून बघा, दुखत न्हाई."

तो बाबांकडं वळला. "मामा, तुमी सांगा. फारकत चालत आली का न्हाई आपल्यात? तुमच्या आत्याची झाली होती. तुमीच बैठकीला म्हणाले होते."

बाबांनी कागद घेतला. चष्मा लावला. ते ग्रामसेवक होते, वाचताना ओठ हलवतात, प्रत्येक शब्द तपासत. त्या नावापाशी ओठ थांबले. मी पाहत होते. माझा राग त्या दोघा भावांवर कमी होता. बाबांवर जास्त. ते लातूरचे, ते असंच करणार. यांनी वंदना घेऊन केलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "बावीस प्रतिज्ञा तुम्हाला तोंडपाठ. लहानपणी मला छडी घेऊन पाठ करायला लावल्या. फारकतीची तेविसावी हाय का? मला कशी सांगितली न्हाई मग?"

"प्रिया!" माय आतून.

"बोलू दे," बाबा म्हणाले. चष्मा काढला. "हे मला कोर्टात, शपथेवर म्हणायचं?"

"नुसतं म्हणायचं, मामा. दोन मिन्टांचं काम."

"माझ्या बापानं हे नाव सोडलं तवा गावानं त्याला तीन साल पाणवठ्यावर येऊ दिलं न्हाई. तीन साल माझी माय नदीत झरे खांदून पाणी आणायची. आणि मी लातूरला जाऊन सांगू, आमी तेच हाव, आमची रूढी तीच हाय?"

"मग बाँडावर सही कशी केली तुमी?" धम्मदीपनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. तेवढं त्याला द्यायलाच हवं.

"वाचला न्हाई," बाबा म्हणाले. आयुष्यभर लोकांना वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका म्हणून सांगणारा माणूस. हे वाक्य त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. तरी मला त्यांची कीव आली नाही. नंतर आली. तेव्हा नाही.

त्यांनी कागद धम्मदीपला परत दिला. "मी सही करणार न्हाई." मग माझ्याकडं वळून, "पण तूबी कोर्टात जाऊ नको माय. लोक हसतील. घरात बसून दुसरा काही मार्ग—"

"घरात बसूनच हे झालं, बाबा. हसू द्या लोकांना."

संघपाल तेव्हा पहिल्यांदा उठून उभा राहिला. "तुला मला अडकवायचंय. मोकळं होऊ द्यायचं न्हाई."

"मीच मोकळी व्हायला निघालेय, तुला दिसत न्हाई का? तू नांदेडला ये, दोघांच्या सहीनं अर्ज देऊ. पोरगी माझ्याकडं राहील. तू भेट, ने, आण, कोण अडवतंय? न्हाई आलास तर मी एकटी टाकते, आणि तुझा राजीनाम्याचा कागदबी जोडते. आगारात फायलीला हाय अजून. त्यावरची सही आणि माझी सही जज शेजारी शेजारी ठेवून बघतील."

"बघून घेऊ," धम्मदीप म्हणाला. चहा न पिता गेले. मायनं त्यांचे कप उचलून पुन्हा किटलीत ओतले. म्हणाली, "साखर जास्त घातली होती, तरी गेले."

---

हे पान नंतरचं. तारीख लिहायची राहिली. जुलैचा मध्य असेल.

मी कंधार गाडीवर होते. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, कोवळा.

"ताई, मी उदगीरहून बोलायले. नाव सांगत न्हाई."

मला कळलं कोण ते. मी ड्रायव्हरला खूण केली, दोन मिनिटं.

"त्यांची सोडचिठ्ठी खरंच झालीय का? ते बाँड दाखवतेत. माझा भाऊ म्हणायला, बाँड चालत न्हाई."

मला खोटं बोलता आलं असतं. झालीय म्हटलं असतं तर ती लग्न करून बसली असती आणि संघपाल कायमचा माझ्या मुठीत आला असता. हा विचार माझ्या मनात आला. पूर्ण आला. मागं चाळीस माणसं बसलेली, एकजण ओरडत होता, "मॅडम, टाइम झाला!"

"न्हाई झाली," मी म्हटलं. "कागदावर मी अजून त्याची बायको हाय. तू आता लग्न केलंस तर तुझं लग्न लग्नच न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"त्याला सांग, आधी नांदेडला जाऊन ये. माझं रीतसर होऊ दे. मग तुझं तू ठरव. आणि लग्नाआधी त्याला विचार, सही कुणाकुणाची करता येते."

"म्हंजे?"

"त्यालाच विचार."

डबल बेल दिली. गाडी निघाली.

---

संघपाल एकटा आला. जुलैच्या तीस तारखेला, मॅडमच्या ऑफिसात. धम्मदीप नाही, फाइल नाही. दाढी वाढलेली.

मॅडमनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. धर्म: बौद्ध. विवाहविधी: बौद्ध. नोव्हेंबर २०२३ चा बाँड उभयतांनी गैरसमजातून केला असून तो त्यांना मान्य नाही. मुलीचा ताबा आईकडे. वडिलांना दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेट.

"सुट्टीत?" त्यानं विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "उन्हाळ्यात आठ दिवस. ती हो म्हणाली तर. तिला विचारायचं, मला न्हाई."

मॅडमनी लिहिलं. त्यानं सही केली. स्वतःची. गिचमिड, अर्धवट. त्याची खरी सही मी तेव्हा कितीतरी वर्षांनी नीट पाहिली.

हुकूमनामा अजून आलेला नाही. सहा महिने माफ करण्याचा अर्ज दिला आहे. जज काय म्हणतील, मॅडमही खात्रीनं सांगत नाहीत. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. शेषेरावांकडं मात्र गेले होते म्हणे, मशिनीतला तो मजकूर काढून टाका म्हणून. शेषेराव म्हणाले, गिऱ्हाईक तोच मागतंय. दोघांचं तहसीलसमोर कडाक्याचं वाजलं.

बारा ऑगस्ट, सहाव्या कलमाचा दिवस, बुधवारी आला. मी रजा टाकली होती. संघपालनं सही केली होती, तरी टाकली. तिष्याला शाळेत पाठवली नाही. सकाळपासून आतून कडी लावून बसले. खोटं कशाला लिहू. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठत होते. दहा वाजता दूधवाला राहिलेलं बिल मागायला आला. बाराला शेजारीण.

तिष्यानं दोन वाजेपर्यंत सहन केलं. मग चपला हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मम्मी, माझा वाढदिवस हाय आणि तू मला कोंडलंस."

मी कडी काढली. ती धाडधाड जिना उतरून गेली. मी तिच्यामागं गेले नाही. दार मात्र लावलं नाही, संध्याकाळपर्यंत सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसले. यायचं त्यानं यावं.